भुरीच्या गोठ्यातल्या वीस बैठका

आमच्या थोरल्या जाऊबाईंना कुणी नावं ठेवली तर मला खपत नाही. तो हक्क माझा एकटीचा आहे आणि तो मी तेवीस वर्षं मनसोक्त वापरलाय. हट्टी आहेत, एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेवाचंही ऐकत नाहीत, आणि चहा म्हणून जे देतात त्याला मी चहा म्हणत नाही. हे सगळं मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. पण गेल्या वर्षी त्यांनी जे केलं ते सांगताना माझा ऊर भरून येतो. तेव्हा मध्ये बोलू नका, सांगू द्या.

आमची दोन घरं, मध्ये एकच अंगण, मागे गोठा. गोठ्यात भुरी नावाची गाय, चार शेळ्या, आणि वैरणीच्या माळ्यावर मालकी सांगणारी एक मांजर. गोठ्यापासून वरच्या रस्त्यापर्यंत चढाची पायवाट जाते, पायऱ्या बरोबर चौसष्ट. रस्त्यावर सकाळी सातला दूधगाडी येते. तुम्ही कॅन घेऊन उभे असाल तर थांबते, नसाल तर तुमच्या नावाने एक हॉर्न मारून पुढे जाते. ती पायवाट जाऊबाई रोज दोन्ही हातांत कॅन घेऊन चढायच्या, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत. मग एक दिवस माळ्याच्या शिडीवरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, हाडात सळई बसली, चार महिने खाट धरली. उठल्या त्या काठी टेकत. चालता यायचं, पण खाली बसता यायचं नाही, आणि बसल्याच तर उठता यायचं नाही. धार काढायची म्हणजे खाली बसणं आलंच. तेव्हा धारही माझ्याकडे आली आणि कॅनही. मी कुरकुरत का होईना, वर्षभर केलं.

आता भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान. शाळेत हेडमास्तर होते. शाळा सुटून सहा वर्षं झाली, पण त्यांची घंटा अजून घरात वाजते. एका रविवारी शहरातून पुतण्या, म्हणजे त्यांचा मुलगा, आला होता, सगळे जेवायला बसलो होतो, आणि भाऊजींनी जाहीर केलं, "आता पुरे. गाय विकू, शेळ्या देऊन टाकू. गोठ्याच्या जागी हिच्यासाठी मस्त खोली बांधू. पलंगाला लागूनच न्हाणीघर. उठायला नको, वाकायला नको. आयुष्यभर राबली, आता बसून खाऊ दे."

पुतण्याने मान डोलावली. खरं सांगू? दोघंही मायेनेच बोलत होते. रागाने बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी धार काढत होते आणि जाऊबाई भुरीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "धाकटे, मी एकदा त्या खोलीत गेले ना, की परत बाहेर यायची नाही. पाणी हातात, ताट हातात. मला भीती वाटते गं." तेवीस वर्षांत त्यांच्या तोंडून भीती हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. माझी धार चुकली आणि अर्धा पेला दूध माझ्याच पायावर सांडलं.

संध्याकाळी त्यांनी भाऊजींना गाठलं. "अहो, सहा महिने द्या. माझ्या हाताने भुरीची धार काढीन, माझ्या हाताने कॅन वर नेईन, सातच्या गाडीला देईन. कुणाचा हात लागणार नाही. जमलं तर गोठा राहील. नाही जमलं तर बांधा तुमची खोली, एक शब्द बोलणार नाही."

भाऊजींनी कॅलेंडरवर सहा महिने पुढच्या तारखेला लाल पेनाने गोल केला. परीक्षेची तारीखच ती. महिनाभरात दमेल, असा त्यांचा हिशेब होता. माणूस पस्तीस वर्षं एका बाईबरोबर राहतो आणि तिला इतकीच ओळखतो, कमाल आहे.

जाऊबाई माझ्याबरोबर दवाखान्यातल्या व्यायामवाल्या मुलीकडे गेल्या. मुलगी काडीसारखी, पण आवाज फौजदाराचा. तिने चित्रांचा कागद दिला. उंच बैठकीवर बसायचं, हात छातीवर बांधायचे, कशाचाही आधार न घेता उठायचं. एका वेळी वीस. जमू लागलं की बैठक थोडी खाली करायची. "आणि मोठ्याने मोजा," ती म्हणाली, "तुम्ही श्वास रोखून धरता. मोजत राहिलात की श्वास चालू राहतो."

घरात हे करायची सोय नव्हती, भाऊजी पेपराआडून बघायचे आणि गालात हसायचे. म्हणून व्यायाम गोठ्यात, सकाळ-संध्याकाळ, धारेच्या आधी, भुरीच्या शेजारी. कागद खांबाला चिकटवला. दुसऱ्या दिवशी तो शेळीने खाल्ला. तोवर पाठ झाला होता म्हणून बरं.

बैठक कुठून आणली? ज्या खाटेवर चार महिने काढले ती खाट जाऊबाईंनी अंगणात ओढली आणि करवत घेतली. भाऊजी धावत आले, "अगं, चांगली खाट आहे!" "म्हणूनच चांगलं लाकूड निघेल," या म्हणाल्या. खाटेचं एक स्टूल झालं, खुर्चीएवढं उंच. उरलेल्या लाकडाचा गोठ्यातल्या भिंतीला कठडा झाला. मग सिमेंट आणवलं, गोठ्यातली घसरडी जमीन आम्ही दोघींनी नव्याने केली. ओल्या सिमेंटवर जाऊबाईंनी खराट्याने रेघा ओढल्या, पाय सरकू नये म्हणून. मांजर त्यावरून चालत गेली. तिची पावलं अजून आहेत तिथे.

दर पंधरा दिवसांनी स्टुलाचे पाय दोन-दोन बोटं कापायचे, असं ठरलं. पण टेप घेतील तर त्या जाऊबाई कसल्या! "माझा डोळा म्हणजे माप," म्हणे. तिसऱ्या वेळी एक पाय जास्त कापला गेला, स्टूल डुगडुगायला लागलं. मग दुसरा पाय कापला, मग तिसरा. मग पहिलाच उंच वाटायला लागला. तास-दीड तासाने स्टूल पार पाटाएवढं झालं. आणि ही बाई, डुगडुगतं का बघू म्हणून, त्यावर बसली!

मी दुपारी गोठ्यात गेले तर या स्टुलावर आणि भुरी यांच्या केसांचा वास घेतेय.

"ताई, काय करताय?"

"बसलेय."

"कधीपासून?"

"तुला काय करायचंय?"

मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "हात लावलास तर बघ." माझंही डोकं फिरलं. बसा म्हटलं, भुरीच्या आधी मीच तुम्हाला विकते! आणि समोर पेंढीवर बसून राहिले. त्यांनी पाय जवळ घेतले, पुढे वाकल्या, धपकन मागे बसल्या, पुन्हा वाकल्या. घाम नुसता निथळत होता. सातव्या की आठव्या खेपेला उठल्या. उभ्या राहून स्टुलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चला, दोन महिन्यांचं कापायचं काम वाचलं." मी हसले, आणि मग रडले, आणि परत त्यांच्यावरच ओरडले.

त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. चौथ्या महिन्यात जाऊबाई त्याच बुटक्या स्टुलावर बसून स्वतः धार काढू लागल्या. काठी गोठ्याच्या कोपऱ्यात गेली, तिच्यावर कोंबडी बसायची. पाचव्या महिन्यात कॅनमध्ये पाणी भरून पायऱ्या सुरू झाल्या. आज दहा, उद्या बारा. पन्नासपर्यंत मजल गेली, एकदा साठ. चौसष्ट मात्र एकदाही झाल्या नाहीत.

आणि लाल गोलाचा दिवस उजाडला.

सहा वाजताच भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून, मनगटावर घड्याळ बांधून गोठ्याच्या दारात हजर. पुतण्या आदल्या दिवशीच आला होता. आणि वर रस्त्यावर एक टेम्पो उभा. गायीचं गिऱ्हाईक! भाऊजींनी परस्पर बोलावून ठेवलेलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "वा भाऊजी! पेपर लिहायच्या आधीच निकाल लावलात?" ते नुसते खाकरले. गिऱ्हाईक बिचारा गरीब माणूस, हातात दावं घेऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

आता माझी चूक ऐका. मी जाऊबाईंच्या कानाशी लागले, "ताई, आज त्या बैठका नकोत. सगळी ताकद पायऱ्यांना राखून ठेवा." त्यांनी मान हलवली. तेवीस वर्षांत या बाईने माझं एकदा ऐकलं, आणि ते त्या दिवशी!

स्टुलावर बसल्या, कास धुतली, हात घातला. दूध नाही. चार थेंब आले आणि बंद. कास भरलेली, टम्म, पण भुरी पान्हाच सोडेना. जाऊबाईंनी कास चोळली, गोंजारलं, लाडाने बोलल्या. मी पेंड आणून पुढे ठेवली, तिने तोंडही लावलं नाही. मान वळवून सारखी जाऊबाईंकडे बघत होती. सव्वासहा झाले. साडेसहा झाले.

"आजारी आहे का ही?" गिऱ्हाईकाने विचारलं.

"आई, राहू दे," पुतण्या हळूच म्हणाला. "तू खूप केलंस."

भाऊजी घड्याळ बघत होते, पण त्यांचा चेहरा उतरला होता. जिंकत असलेल्या माणसाचा चेहरा तो नव्हता.

एकदम जाऊबाई हसल्या. बादली बाजूला सारली. "अगं बाई! ही वाट बघतेय."

"कशाची?" मी विचारलं.

"माझ्या विसाची."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सहा महिने, दोन्ही वेळा, वीस मोजून झाले की मगच कासेला हात लागत होता. भुरीला काय कळणार सळई आणि परीक्षा? तिच्या लेखी धार म्हणजे आधी वीस.

जाऊबाईंनी हात छातीवर बांधले आणि त्या पाटाएवढ्या स्टुलावरून ताडकन उठल्या. "एक!"

"हे काय चाललंय?" भाऊजी म्हणाले. त्यांनी पेपराआडून पहिल्या आठवड्यातलं धडपडणं बघितलं होतं, त्यापुढचं काहीच बघितलं नव्हतं.

"दोन! तीन!"

आठला भुरीने कान टवकारले. दहाला रवंथ सुरू केला. बाराला पुतण्याही मोजायला लागला. सोळाला जाऊबाईंची मांडी थरथरली, मला स्पष्ट दिसलं, पण आवाज तसाच खणखणीत. अठराला कासेतून आपोआप थेंब गळायला लागले. "वीस!" म्हणून त्या बसल्या, हात घातला, आणि धार अशी सुटली की बादली घणघणली.

सातला अकरा मिनिटं कमी असताना दूध दोन कॅनमध्ये भरलं, चार-चार लिटर. दोन्ही हात गुंतलेले, आधार कशाचाच नाही. जाऊबाई पायऱ्या चढू लागल्या, मागे मी, माझ्या मागे पुतण्या, भाऊजी आणि दावंवाला. वरात निघाल्यासारखी.

पन्नासाव्या पायरीवर त्या थांबल्या. बैठकांनी पाय भरून आले होते. माझ्या मूर्ख सल्ल्यापायी धांदल झाली, नाहीतर हे दम खात झालं असतं. वर गाडीचा आवाज आला. मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. पाय हलेना. खांदे वर-खाली होत होते, श्वास मात्र ऐकू येत नव्हता.

"श्वास रोखलाय तिने," भाऊजी म्हणाले. आणि मग त्यांच्या त्या शाळेतल्या कवायतीच्या आवाजात, सगळी पायवाट दणाणून सोडत ओरडले, "एक्कावन्न!"

जाऊबाईंचा पाय उचलला गेला.

"बावन्न! त्रेपन्न! शाबास! चोपन्न!"

साठला दूधगाडीने हॉर्न मारला. एकसष्टला पुतण्या आम्हाला ओलांडून वर पळाला आणि गाडीसमोर हात पसरून उभा राहिला. हे नियमात बसत होतं की नाही, मी विचारलं नाही. "चौसष्ट!" म्हणताना भाऊजींचा आवाज फुटला. जाऊबाईंनी दोन्ही कॅन गाडीच्या फळीवर टेकवले.

ड्रायव्हर खाली उतरला. "बाई! दोन वर्षांनी?"

"हो," जाऊबाई म्हणाल्या. "झाकणं घट्ट आहेत, बघून घे."

बस्स, एवढंच बोलल्या. मी मात्र भर रस्त्यात हंबरडा फोडला. गिऱ्हाईकाने दाव्याचं वेटोळं करून टेम्पोत टाकलं. "ही गाय मला नको, सर," तो भाऊजींना म्हणाला. "रोज दोनदा वीस बैठका आमच्या घरी कोण काढणार?" आणि टेम्पो रिकामा गेला.

खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. उरलेल्या सिमेंटात भाऊजींनी पायवाटेच्या पन्नासाव्या पायरीशी बसायला कट्टा बांधला. जाऊबाई त्याच्यावर कधी बसत नाहीत, पण तो वाकडा झालाय हे रोज सांगतात.

परवा त्या चार दिवसांसाठी लेकाकडे शहरात गेल्या, एकट्या, स्वतःची बॅग स्वतः उचलून. जाताना भाऊजींना म्हणाल्या, "भुरीला बघा. धाकटीला सांगायचं नाही, तिची कंबर धरलीय." माझी कंबर ठणठणीत आहे, पण मी लगेच हात लावून कण्हले.

सकाळी सहाला मी गोठ्याच्या भिंतीआड जाऊन उभी राहिले. आतून धापा ऐकू येत होत्या. "नऊ... दहा... अकरा..." मग शांतता. बादली हलल्याचा आवाज आला. लबाडी! लगेच भुरी हंबरली.

"बरं, बरं, ओरडू नकोस," भाऊजी म्हणाले. "बारा."