इंदूच्या हलव्यावरचा काटा

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. देवापुढे बसते तेव्हा बाकी सगळं पुटपुटते, आणि इथवर आले की घाईघाईने नमस्कार करून उठते. आज तुम्हाला सांगते — पण एकदम नाही जमायचं, जरा आडवळणाने येऊ द्या.

ह्यांना सोलापुरात कारकुनी मिळाली, इंग्रजी वर्षाच्या पहिल्या तारखेपासून. आणि घर मिळालं ते तळ्याकाठी! माझं माहेर, सासर दोन्ही सांगोल्याकडचं. उन्हाळ्यात एका घागरीसाठी विहिरीच्या तळाकडे बघत तास तास बसलेली मी. मला वाटलं, आता नवं वर्ष पाण्याशेजारी — सकाळी उठावं, खिडकी उघडावी, समोर पाणीच पाणी. सगळ्या प्रवासात मी त्या खिडकीतच बसले होते म्हणा ना.

पण आम्ही पोचलो एक दिवस उशिरा. त्या घरात दोन बिऱ्हाडं राहायची होती, आणि दुसरं बिऱ्हाड आदल्याच दिवशी येऊन तळ्याकडची खोली धरून बसलं होतं. आमच्या वाट्याला मागची खोली. खिडकी उघडली की गोठ्याची भिंत. दुसरं बिऱ्हाड म्हणजे ह्यांच्याच कचेरीतला एक कारकून, त्याची आई, आणि त्याची नवी बायको इंदू. सतरा वर्षांची. मिलचा सकाळचा भोंगा झाला की माझ्या खिडकीत उभी राहून वेणी घालायची. माझ्या खिडकीत — बघा, अजून तोंडातून तसंच येतं.

मला ती डोळ्यांसमोर नको व्हायची. तिने माझं काय केलं होतं? काही नाही हो. उलट 'वहिनी, वहिनी' करत मागेमागे असायची. तिला आई नव्हती, मामाकडे वाढलेली. सासू येता-जाता ऐकवायची, "आईविना पोर, हिला कोण काय शिकवणार?" लग्नानंतरची पहिली संक्रांत तोंडावर आली होती. नव्या सुनेला काळं लुगडं नेसवून हलव्याचे दागिने घालायचे, चार बायका बोलवायच्या. सासू म्हणाली, "दागिने तुझे तूच कर. बघू तरी." पोरीचा सगळा जीव त्या दागिन्यांत अडकला. ते नीट झाले तर त्या घरात तिला मान वर करता येणार होती. हे मला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आणि हलवा म्हणजे तर माझा प्रांत! सांगोल्यात बायका माझ्याकडून शिकायला यायच्या. थंडीत भल्या सकाळी शेगडीवर परात ठेवायची, निखारे अगदी मंद, तिळावर चमचाभर पाक घालायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. सुकला की पुन्हा चमचाभर. असं दिवसच्या दिवस केलं की दाण्याला काटा फुटतो. घाई केली की दाणा गुळगुळीत राहतो. त्या वर्षी मी घाई केली. मन परातीत होतंच कुठं? माझा हलवा गोट्यांसारखा गुळगुळीत, आणि इंदूच्या हलव्याला माळावरच्या सराट्यासारखा काटा. पांढराशुभ्र. आमच्या ह्यांनी चिमूटभर तोंडात टाकला आणि म्हणाले, "अगं, तिला विचार की कसा करते!"

मी? तिला विचारू?

भोगीच्या दिवशी दुपारी सगळे गावच्या जत्रेला गेले, नंदीध्वजांच्या उंच काठ्यांची मिरवणूक बघायला. माझं डोकं दुखत होतं. म्हणजे दुखत नव्हतं, पण तसं सांगितलं. इंदूचे दागिने ओवून सुपात मांडलेले होते — हार, बाजूबंद, बांगड्या, बिंदी. जाताना म्हणाली, "वहिनी, मुंग्यांकडं तेवढं लक्ष ठेवा हं. तुमच्यावर सोडून चाललेय." मी म्हटलं, "जा बाई खुशाल."

खिडकी उघडी राहिली. तळ्यावरून दमट वारा आला, साखरेला पाणी सुटलं, काटा बसला — असं सगळ्यांनी म्हटलं. इंदूनेही म्हटलं, तिला वाटलं, खिडकी लावायला तीच विसरली. मीसुद्धा इतकी वर्षं मनाशी फार तर एवढंच कबूल करत आले, की खिडकी मी उघडी टाकली. पण थंडीतला कोरडा वारा, तो दोन तासांत एवढी साखर विरघळवतो का हो?

खिडकी तिने नीट लावली होती. मी तिच्या खोलीत गेले. दागिने बघितले. इतके देखणे होते की माझ्या पोटात दुखायला लागलं. कोपऱ्यात पाण्याची घागर होती. मी तिच्यात हात बुडवला, आणि देवाच्या फुलांवर शिंपडतात तसं त्या सुपावर शिंपडलं. एकदा नाही, तीनदा. मग वरून तळवा फिरवला. काटे हाताखाली मरताना कळत होते. मग खिडकी उघडली, वाऱ्यावर आळ जावा म्हणून. आणि आता एवढं सांगितलंय तर हेही सांगते — तिथेच उभी राहून थोडा वेळ पाणी बघितलं. फार बरं वाटलं मला.

दिवेलागणीला ती माणसं परतली. इंदू रडली नाही. ते चिकट सूप मांडीवर घेऊन नुसती बसली. सासू म्हणाली, "हाताला माया असावी लागते. ती आईकडून येते." इंदूने मान हलवली — तिला ते पटलं होतं! मी तेव्हा तरी बोलायचं की नाही? मी काय केलं माहीत आहे? माझा गुळगुळीत हलवा काढला, तेही रात्र जागून नाही, सकाळी उठून दागिने ओवले, आणि तिच्या अंगावर घातले. हळदीकुंकवाला आलेल्या बाया म्हणाल्या, शेजारीण असावी तर अशी. इंदू माझ्या पाया पडली. मी आशीर्वादही दिला.

त्यानंतर तिने परातीला हात लावला नाही. ते दुसरीकडे राहायला गेले, खिडकी मला मिळाली, तरी दर पौषात तीळ-साखर घेऊन यायची. "तुम्हीच करा वहिनी. माझ्या हाताला काटा येत नाही." तिच्या मुलीच्या बोरन्हाणाचे दागिनेसुद्धा मीच केले. त्या पोरीच्या कपाळावर माझ्या हातची बिंदी बांधताना इंदू माझ्याकडे बघून हसत होती.

ती पोर आता नऊ वर्षांची आहे. परवा इंदू तिला घेऊन आली. "हिला तुमच्या हाताखाली घ्या, वहिनी. माझ्यासारखी राहायला नको." मी तिला शेगडीपाशी बसवलं. पाक कसा सोडायचा ते दाखवलं, बाकी काही शिकवावं लागलं नाही. तिची बोटं न घाबरता, न घाई करता फिरत होती. आज तिसऱ्या दिवशी दाण्याला काटा आला. अगदी तसाच, सराट्यासारखा.

इंदूने एक दाणा उचलून उजेडात धरला. डोळे भरून आले तिचे. म्हणाली, "बघा वहिनी, पोर तुमच्यावर गेली."

मी हो म्हटलं.