दात पडल्याशिवाय शाळा नाही

माझ्या सुमननं खडीच्या दगडानं आपला पुढचा दात पाडला, तो मुठीत धरला आणि आमच्या रस्त्याच्या कामावरून गावापर्यंत एकटी चालत जाऊन ती मामंजींसमोर उभी राहिली. मला बोलवायला माणूस आला तेव्हा मी हातातला हातोडा तसाच घेऊन धावले, मागून माझा नवरा. बघते तर ओट्यावर पोरगी उभी, हनुवटीपासून गळ्यापर्यंत रक्त, आणि समोर मामंजी बसलेले.

मामंजींइतका हेकट आणि मामंजींइतका मायाळू माणूस नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. हे दोन्ही गुण एकाच माणसात आले की घरच्यांचे हाल होतात. ते माझ्या नवऱ्याचे थोरले चुलते. माझे सासरे लवकर गेले, मामंजींची बायकोही लवकर गेली, त्यामुळे घरात शब्द त्यांचाच चाले. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण बैल ओळखावा तो त्यांनी. घोडेगावच्या बाजाराला निघालेली माणसं त्यांना बरोबर घेऊन जात. ते अंगठ्यानं बैलाचा ओठ वर करत, दात बघत, मानेवरून हात फिरवत, त्याच्या कानात काहीतरी बोलत आणि मग घ्या किंवा घेऊ नका ते सांगत. दुधाचे दात असलेला गोऱ्हा म्हणजे आदत. दोन दात पडून नवे आले की तो दुसा झाला, आता कामाला लावायला हरकत नाही. आदत गोऱ्ह्याच्या मानेवर जू ठेवणारा त्यांच्या लेखी माणूसच नव्हता. एकदा असाच एक गोऱ्हा त्यांनी भर नांगरटीत औतातून सोडला आणि आमच्या गोठ्यात आणून बांधला. मालक भांडायला आला, तर त्याला पोटभर जेवायला घालून वाटेला लावलं. गोऱ्हा मात्र आठ दिवस दिला नाही.

इथवर ठीक होतं. पण माणसाला एक गोष्ट चांगली जमली की तो ती जिथं तिथं लावायला बघतो. मामंजींनी ती गावातल्या पोरांना लावली.

जून महिना आला की गुरुजी वही घेऊन घरोघर हिंडायचे. सहा वर्षांचं पोर शाळेत घातलंच पाहिजे, नाहीतर नोटीस येईल, असं सांगायचे. आता पोर सहा वर्षांचं झालं हे ठरवायचं कसं? जन्मतारीख कुणाच्याच घरी लिहिलेली नसायची. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण, जन्म एक जूनचा. आमचं निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. मामंजींना हे काही पटत नसे. कुणाचे हात लांब, कुणाचं डोकं मोठं, याला काय माप म्हणायचं, असं ते म्हणत. त्यांचं माप ठरलेलं होतं. पुढचे दोन दात पडल्याशिवाय शाळा नाही. आणि लोकही असे, की गुरुजींनी नाव लिहून नेलं की पोराला घेऊन आमच्या ओट्यावर यायचे. मामंजी पोराचं तोंड उघडून बघायचे, त्याला दहा पावलं चालवायचे आणि निकाल द्यायचे. एका बाईला त्यांनी सांगितलं, याचे दात पडलेत खरे, पण दहा पावलांत तीनदा मागं वळून तुझ्याकडे बघितलं यानं, दिवाळीनंतर घाल. बाई खुशीत घरी गेली.

गुरुजी संगमनेरकडचे, वयानं लहान, मनानं सरळ. ते एकदा आमच्या घरी आले आणि कायदा काय, सरकार काय, पुढं या पोरांचं कसं होणार, हे त्यांनी तासभर समजावून सांगितलं. मामंजींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि शेवटी एवढंच म्हणाले, "गुरुजी, तुमची खालची दाढ किडलीया. आधी तिचं बघा." पुढच्या आठवड्यात गुरुजी खरंच नगरला जाऊन दाढ काढून आले. त्यानंतर दातांच्या विषयावर त्यांनी मामंजींशी वाद घातला नाही. पण त्रास काही संपला नाही. पहिलीतलं एक पोर वर्गात बसल्या बसल्या झोपलेलं मामंजींना खिडकीतून दिसलं. ते आत गेले, पोराला खांद्यावर टाकलं आणि त्याच्या आईकडे नेऊन दिलं. गुरुजींनी त्या पोराची हजेरी मांडावी की खाडा मांडावा, यावर गावात दोन दिवस चर्चा चालली होती.

मी चौथी शिकलेली. माझ्या बापानं मला विचारलं नव्हतं, बखोटीला धरून शाळेत बसवलं होतं, आणि माझं त्यानं काही वाईट झालं नाही. सासऱ्यांपुढं बोलायची रीत नव्हती, पण दाराआडून बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी म्हटलं, "मामंजी, पोरांना इचारून आंगुळ घालायची म्हटलं तर गावात एक पोर धुतलेलं दिसायचं न्हाई."

ते बाहेरून म्हणाले, "आंगुळीनं पोर मोडत न्हाई, सूनबाई. बैलाचा खांदा सुजला तर दिसतो तरी. पोराचा आतून सुजतो, त्यो कुनाला दिसायचा?"

हे कुठून आलं ते मला नवऱ्यानं नंतर सांगितलं. मामंजी पाच वर्षांचे असताना त्यांच्या बापानं त्यांना उपरण्यानं शाळेच्या खांबाला बांधलं होतं. तीन दिवस रोज बांधलं. तिसऱ्या दिवशी त्यांची लंगोटी ओली झाली आणि सगळी शाळा हसली. त्यानंतर त्यांनी पाटीला हात लावला नाही.

बहात्तर साली पाऊस नव्हता आणि विहिरींना पाणी नव्हतं. आम्ही नवरा-बायको पाथर्डी रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतो. थोरला मुलगा शाळेत, सुमन माझ्याबरोबर. गुरुजींच्या वहीत तिचं नाव होतं, कान तर तिनं केव्हाच धरून दाखवला होता, पण दात एकही हलत नव्हता. मामंजी रोज सकाळी बघायचे आणि आदत हाय म्हणायचे. मी म्हटलं, दिवसभर उन्हात धुरळा खाते, शाळेत निदान सावली तरी आहे. त्यावर त्यांचं म्हणणं, उन्हात का होईना, खेळती तर हाय. पण ती खेळत नव्हती. भावानं शिकवलेली अक्षरं ती खड्यानं दगडांवर काढत बसायची. हे मी रोज बघत होते. मामंजी कामावर येत नव्हते, त्यांनी ते बघितलं नव्हतं. तूच का नेऊन घातली नाहीस, असं आज कुणी विचारेल. दाराआडून बोलणं वेगळं आणि पोरीला घेऊन दाराबाहेर पडणं वेगळं. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

तर त्या दुपारी ओट्यावर मामंजींनी तिला विचारलं. "कुनी पाडला?"

"मीच."

"दुखलं न्हाई व्हय?"

"लई दुखलं." तिनं मूठ उघडून दात दाखवला. "आबा, ह्यो एक पडला. दुसरा उद्या पाडते. मग तरी जाऊ का साळंत?"

इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं आज बोलून टाकायचं असं ठरवूनच मी पुढं झाले होते. पण मामंजी तिचं तोंड धूत होते आणि तांब्यातलं पाणी संपलं, म्हणून हातोडा खाली ठेवून मी दुसरा तांब्या भरून आणला. त्यांनी हळद दाबली, तिला तशाच रक्ताच्या झग्यात खांद्यावर घेतलं आणि शाळेत नेलं. आम्ही मागोमाग. गुरुजी घाबरले. म्हणाले, शाळा सुटायची वेळ झाली, आज घरी न्या, उद्या आणा.

"उद्या ही दुसरा पाडील. आत्ता बसवा," मामंजी म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "हिचं काई चुकलं न्हाई, गुरुजी. मोजनारा चुकला."

पुढं कुणी पोर घेऊन ओट्यावर आलं की ते विचारायचे, बैल हाय का? बैल नसंल तर गुरुजींकडं जावा. पण सुमन शाळेत गेली त्यानंतर आठ दिवस ते शाळेसमोरच्या लिंबाखाली बसून होते. तिनं एकदा जरी मागं वळून बघितलं असतं तरी त्यांनी तिला उचलून घरी आणलं असतं. थोरल्याच्या हाती त्यांची भाकरी मी तिकडेच पाठवायची. आठव्या दिवशी ते घरी आले आणि दाराकडं न बघताच म्हणाले, "बघत न्हाई, सूनबाई. एकदा बी न्हाई." त्यांना बरं वाटलं होतं की वाईट, ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

पोरांना सक्तीनं शिकवावं का, यावर आता माझ्या नातवंडांच्या गप्पा चालतात. मला विचारलं तर मी म्हणते, बसवावं. त्यात विचारण्यासारखं काही नाही. फक्त बसवल्यावर आठ दिवस कुणीतरी बाहेर बसायला पाहिजे. मामंजींसारखा रिकामा आणि हेकट माणूस आता कुठल्या घरात असतो?

ते दुष्काळ सरल्यावर सहा वर्षांनी गेले. गुरुजींची बदली झाली, पुढं त्यांचं काय झालं माहीत नाही. माझा नवराही जाऊन बरीच वर्षं झाली. त्या दुपारी ओट्यावर होतो त्यांच्यापैकी आता मी आणि सुमन, दोघीच आहोत.