पुसायचं राहिलेलं गाणं

ढाणकीत रहमत मिस्त्रीला सगळे गाड्या दुरुस्त करणारा म्हणून ओळखतात, पण त्याचा जीव अडकलेला असतो घरच्या मागच्या खोलीत. तिथं खिडकीला गोधड्या टांगलेल्या, एक माइक, आणि यवतमाळहून आणलेला जुना कॉम्प्युटर. अकरा वर्षं रहमत पेटी वाजवून गायचा आणि ढोलकीवर त्याचा शेतकरी दोस्त पंजाबराव. कव्वाली असो की भजन, दोघांना काहीच वर्ज्य नव्हतं. पंख्याची घरघर माइकमध्ये शिरते म्हणून भर उन्हाळ्यात तो बंद करून दोघं घामानं निथळत बसायचे, आणि रहमतची बायको आयशाबी बिचारी चढवलेला कुकर गॅसवरून उतरवून ठेवायची. काय दिवस होते ते!

कॉम्प्युटरचं पोट मात्र लहान. दोनचार गाण्यांचे कच्चे ट्रॅक भरले की तो आचके द्यायचा. पेनड्राइव्हनं एकदा दगा दिला होता, त्यामुळं त्यावर भरवसा नाही. म्हणून रहमतनं शिस्तच लावून घेतली होती. गाणं पुरं झालं की पक्कं ठेवायचं, कच्चं पुसायचं. गाण्याआधीच्या गप्पा, खोकणं, पंजाबरावच्या कोपरखळ्या, सगळं कात्रीखाली.

गेल्या पोळ्यानंतर पंजाबराव गेला. त्याची लेक उर्वशी एका रविवारी केळापूरहून आली, कडेवर वर्षाचं पोरगं.

"चाचा, बाबाचा आवाज पायजे मले. याले ऐकवाचा हाय. फोटो लय हायेत, पन त्याईच्या बटनाच्या फोनात आवाज कुठून रायते?"

"अवं पोरी, दोनशे गानी हायेत!" रहमत तोऱ्यात म्हणाला.

एकामागून एक गाणी लावली. प्रत्येकात ढोलकी खणखणीत होती. पण पंजाबराव कधी गायलाच नव्हता. तो फक्त बोलायचा, आणि ते बोलणं रहमतनं आपल्याच हातानं छाटलं होतं. रहमतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्याला आठवलं. एक गाणं तिसऱ्या कडव्यात बिघडलं होतं. पुढच्या हप्त्यात करू, करू म्हणता ते कधी पुरं झालंच नाही, आणि पुरं न झाल्यामुळं त्याचं कच्चं पुसायचं राहून गेलं होतं. त्यानं ते उघडलं. पेटी वाजली, ढोलकी अडखळली, थांबली. मग तो ओळखीचा घोगरा आवाज आला.

"राहू दे गा रहमत, ताल माह्यानंच चुकला. पुसून टाक हे. कायले फुकटची जागा अडवतं?"

उर्वशीनं ओढणी तोंडाशी धरली. "अजून एकडाव लावा ना, चाचा."

रहमतला समोरचं दिसेनासं झालं होतं. त्यानं चाचपडत पुन्हा लावलं. पुसून टाक, पंजाबराव सांगत राहिला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच रहमतनं त्याचं ऐकलं नाही.