बासीचं पाणी

सातवीतून शाळा सोडून भिलाईला आलो, तेव्हा कारखाना उभा होत होता. भरतीत वाळूचं पोतं घेऊन धावायचं होतं. सराव केला की मला चक्कर येई. गावी परतावं लागतं की काय, या धास्तीनं झोप उडाली होती.

आमच्या मराठी वस्तीत राहून आमच्यासारखंच बोलणारी शेजारची छत्तीसगढी काकी सरावानंतर बासी देई. रात्रभर पाण्यात भिजलेला भात, मीठ, कांदा. पाणी मी गुपचूप ओतून देई, कारण आमच्याकडे ते गुरांना घालतात. एकदा तिनं पाहिलं.

"चक्कर कावून नाही येणार? सारी ताकद जमिनीले पाजून राहिला."

त्या दिवसापासून पाणीही पिऊ लागलो. भरतीत पोतं उतरवून ताठ उभा राहिलो. पेढे घेऊन गेलो, तर काकी म्हणाली, "पेढ्यानं ताकद येत नाही, बाबू," आणि सगळा पुडा ठेवून घेतला.