पोटखराब्यातलं तळं

नूतन म्हात्रे अलिबागेतल्या एका सरकारी कार्यालयात नोकरीला लागली, त्या दिवशी तिला बेरजा तपासायचं काम मिळालं. दुपारपर्यंत तिने अकरा पानं तपासून वरिष्ठ लेखापाल महादेव गुरव यांच्यापुढे ठेवली. गुरवांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बेरजा बरोबर आहेत. हा बेचाळीस हजारांचा आकडा आला कुठून?"

"आधीच्या कागदावरून, सर."

"आणि त्या कागदावर कुठून आला?"

नूतन आधीचा कागद उलटून बघू लागली.

"आकड्याला आईबाप असतात, म्हात्रे. ते सापडल्याशिवाय सही करायची नाही."

हे १९८८ साल. नूतन तेव्हा बावीस वर्षांची होती. तिचं गाव खारेपाटातलं, एका बाजूला भातशेती आणि दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये मातीचा बांध. बांध आहे तोवर शेती. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं आणि ती जमीन तीनचार वर्षं पिकत नाही. म्हणून घरटी एक माणूस चिखल घेऊन बांधावर जायचा. या कामाला गावात जोळ म्हणत. नूतनचे वडील सदू म्हात्रे जन्मभर जोळीला गेले. पण तिची कॉलेजची फी भातातून आलीच नव्हती. ती आली घरामागच्या तळ्यातून. खारेपाटात प्रत्येक घराला असं तळं असतं. पावसाळ्यात खाडीतली जिताड्याची पिल्लं आणून त्यात सोडायची आणि दोनतीन वर्षांनी एकेक मासा हातभर झाला की काढायचा. नूतनच्या आईने, आवडाबाईने, कॉलेजच्या दर वर्षी दोन जिताडे विकले. हिशेब साधा होता. एका जिताड्यात एक सहामाही.

नूतन हळूहळू वर चढली. लग्न झालं, ठाकूर आडनाव लागलं, दोन मुलं झाली. पहाटे चारला उठून, डबे करायच्या आधी तिने खात्याच्या परीक्षा दिल्या. एकीत दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा जिल्ह्यात दुसरी आली. पन्नाशीला पोचली तेव्हा तिच्याकडे वेगळंच काम होतं. जिल्ह्यातून पैशासाठी येणाऱ्या प्रस्तावांवर अभिप्राय द्यायचा. खर्चाच्या एका रुपयामागे लोकांना किती रुपयांचा फायदा होईल, ते काढायचं. एकाच्या वर असेल तर शिफारस, खाली असेल तर नाही.

कागदावर विसंबणं तिला जमत नसे. बोर्ली पंचतनच्या बाजारात ओटे बांधायचे होते, तर ती एसटीने गेली आणि जमिनीवर बसून विकणाऱ्या बायका स्वतः मोजून आली. कागदात तीस होत्या, निघाल्या सत्तेचाळीस. कार्यालयात हसले सगळे. नवे अधिकारी वरद साहेब तिच्या मुलाच्या वयाचे, तेही म्हणाले, "मॅडम, सत्तेचाळीसजणींची नावंही लिहून आणलीत का?" तिने वही पुढे केली. नावं होती.

मग २०१८ मध्ये तिच्या स्वतःच्या गावच्या बांधाचा प्रस्ताव आला.

खर्च साडेचार कोटी. फायद्याच्या तक्त्यात भात, गवत आणि वाचणारी घरं. तळ्यांचा रकानाच नव्हता. सातबाऱ्यावर तळ्याची जागा पोटखराबा म्हणून लागलेली, म्हणजे पीक न देणारी जमीन. नूतनने सातबारे उलटून पाहिले. आवडाबाईच्या नावावरही तेच, पोटखराबा, चार गुंठे. ज्या जागेने तिला बी.कॉम. केलं, त्या जागेच्या नावापुढे उत्पन्न शून्य होतं.

गावात जाऊन तळी मोजणं सोपं होतं. पण लोक काय म्हणतील? माहेरचा प्रस्ताव, म्हणून बाईंनी मासे घालून आकडा फुगवला. आणि त्या आकड्याला आईबाप तरी कुठे होते? जिताड्याची पावती कोण ठेवतं? तीस वर्षांत पहिल्यांदा ती जागेवर गेली नाही. हिशेब केला, उत्तर आलं शून्य दशांश नऊ चार. तिने लिहिलं, "शिफारस करता येत नाही."

वरद साहेब फाईल वाचून उठून उभे राहिले. "स्वतःच्या गावाचा प्रस्ताव, मॅडम. हे उदाहरण मी सगळ्यांना सांगणार आहे."

ते शब्द तिला फार गोड लागले, हे ती पुढे कधीच विसरली नाही.

पुढच्या वर्षी भाद्रपदाच्या अमावास्येला बांधाला तीन खांडी पडल्या. जोळीला आता माणसं होती कुठे? तरणी पोरं कंपन्यांतल्या पाळ्यांवर. बांधावर जमले ते साठीच्या पुढचे. पाणी भातात शिरलं आणि तळ्यांवरून गेलं. जिताडा खाऱ्या पाण्याने मरत नाही, पण तळ्यांचे काठच खचले आणि मासे आल्या वाटेने खाडीत गेले.

नूतन रविवारी गावी गेली. तिचा चुलतभाऊ धनेश बांध समितीचा प्रमुख, गुडघाभर चिखलात उभा होता.

"ये ताय. बघायला आलीस? कागद लय लवकर फिरला तुमचा."

"धनेश, तक्त्यात तळी नव्हती रे. सातबाऱ्यावर नाहीत ती."

"आसं?" त्याने हातातलं घमेलं खाली टाकलं. "फाईल पुढं सरकावी म्हणून साहेबांच्या घरी दर दिवाळीला जिताडा पोचतो. तो कागदावर न्हाय पोचत व्हय?"

शेजारचे म्हातारे हसले. नूतनला हसू आलं नाही. खरंच होतं ते. जिताडा खाल्ला नाही असा माणूस तिच्या कार्यालयात शोधून सापडला नसता. ती स्वतःच कितीदा डबा भरून घेऊन गेली होती.

घरी आवडाबाई ओटीवर बसून होती. मागच्या दारी तळ्याच्या जागी सपाट, चकाकणारं पाणी. आई एवढंच म्हणाली, "मोठी चार व्हती गो. तुझ्या पोरीच्या लग्नाला ठेवली व्हती."

त्यानंतरचे नऊ रविवार नूतन टेप आणि वही घेऊन गावात फिरली. पाण्याखालचे काठ दाखवायला माणसं बरोबर येत.

"ताय, आता घरावानी तळ्यावर पण पट्टी लावताव काय?" एकाने विचारलं.

"पट्टी नाही लावत, भाऊ. सही करा इथे."

त्र्याऐंशी तळी निघाली. लांबी, रुंदी, मालकाची सही, गेल्या पाच वर्षांत किती मासे विकले. सांगणारा वाढवून सांगतो हे तिला ठाऊक होतं. म्हणून अलिबागच्या बाजारात शकू कोळणीला गाठलं. तीस वर्षं या गावचा जिताडा तीच घेत होती. शकूला लिहिता येत नव्हतं, पण कुठल्या घरच्या लग्नाला किती माल काढला ते तिला पाठ होतं.

"म्हात्र्यांच्या आवडाबाईचं विचारतेस? ती बाई कंजूस. वजन करताना माशाला पाणी पाजते." मग नूतनच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "तुझी आई काय? बरं, मग आर्धा किलो कमी लिव."

दोन्ही बाजूंचे आकडे ताडून नूतनने लहान तो धरला. तरी उत्तर आलं एक दशांश दोन. आकड्याला आईबाप मिळाले होते.

मग तिने टिपणी लिहिली. "दिनांक अमुकच्या माझ्या अभिप्रायात तळ्यांचे उत्पन्न वगळले होते. ही बाब मला त्या वेळी माहीत होती. मी जागेवर गेले नाही."

वरद साहेबांनी ती दोनदा वाचली आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, पदोन्नतीच्या यादीत तुमचं नाव पहिलं आहे. मधलं वाक्य काढा. 'नव्याने प्राप्त माहितीनुसार' लिहा. सगळे तसंच लिहितात. बांध होईल आणि तुमचंही काही बिघडणार नाही."

"साहेब, माहिती नवी नाही. मी त्या तळ्याच्या काठावर वाढलेय."

"कोण विचारणार आहे?"

नूतनला गुरव सर आठवले. ते जाऊन बारा वर्षं झाली होती. विचारणारं खरंच कोणी उरलं नव्हतं. तिने फाईल एक दिवस मागून घेतली. दुसऱ्या दिवशी परत केली तेव्हा वाक्य होतं तिथेच होतं.

पदोन्नतीची यादी निघाली. तिचं नाव नव्हतं. खुलासा मागवला गेला, तिने दिला. सेवापुस्तकात एक ओळ चढली. छत्तीस वर्षांत तेवढी एकच.

बांधाला मंजुरी यायला आणखी चार वर्षं लागली. तोवर बुडालेल्या शेतात तिवरं, म्हणजे खाऱ्या पाण्यातली झाडं, उगवली, माणसाच्या छातीइतकी झाली. तिवरं तोडता येत नाहीत, तसा कायदाच आहे. म्हणून नवा बांध जुन्या जागेवरून न नेता आत सरकवावा लागला. सुधारित तक्ता तपासायला नूतनकडेच आला. निवृत्तीला दोन महिने होते. त्र्याऐंशीपैकी अकरा तळी बांधाबाहेर जात होती. सातवं नाव आवडाबाई सदू म्हात्रे.

तिने पट्टीने अकरा ओळी खोडल्या. प्रत्येकीसमोर शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायचं होतं. 'बांधाबाहेर' एवढं पुरलं असतं. तिने अकराही ठिकाणी लिहिलं, 'मंजुरीस विलंब झाल्याने बांधाबाहेर', आणि पुढे आपल्या पहिल्या अभिप्रायाचा क्रमांक आणि तारीख.

नव्या बांधाचं काम सुरू झालं त्या रविवारी ती आईकडे गेली. आवडाबाई आता शहाऐंशीची, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. बांध आला ही बातमी धनेशने सांगितलेली होती. तळ्याचं त्याने सांगितलं नव्हतं.

नूतनने सगळं सांगितलं. पहिली फाईल, पोटखराबा, न केलेली फेरी, साहेबांनी केलेली स्तुतीसुद्धा.

आवडाबाईने सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"म्हंजे तुला ठावं व्हतं."

"व्हय, आये."

"तवा लिवलं असतंस, तर तळं आत ऱ्हायलं असतं."

"व्हय."

म्हातारीने मागच्या दारातून बाहेर पाहिलं. तळ्याच्या जागी तिवरं होती आणि भरतीचं पाणी त्यांच्या मुळांशी आलं होतं. लांब कुठेतरी जेसीबीचा आवाज चालू होता, नव्या बांधाचा.

"बाकीची भात्तर आत हायत?"

"आहेत. मी मोजलीत."

"मोजलीस ना?" आवडाबाईने सूप पुन्हा ओढून घेतलं, एक खडा वेचून उंबऱ्याबाहेर टाकला. लेकीकडे तिने पाहिलं नाही. "मग त्यांना सांग, पिल्लं आणायची ती या पावसालाच आणा म्हणावं. दोन वर्सं जातात वाढायला."

नूतन उठली, पायरीवरच्या चपला घातल्या आणि बहात्तर घरांच्या यादीची वही काखोटीला मारून पहिल्या दाराकडे निघाली.