मावशीचे हात आणि माझी तीन मिनिटं

माझी मावशी टपाल कचेरीत पत्रं लावायची. आलेल्या ढिगातलं एकेक पत्र उचलायचं, पत्ता वाचायचा आणि त्या त्या भागाच्या खणात टाकायचं. बत्तीस वर्षं तिने हेच केलं, आणि तेही अशा वेगाने की नवीन लागलेली माणसं आपलं काम सोडून तिच्याकडे बघत उभी राहायची आणि साहेबांची बोलणी खायची. उजव्या हाताच्या बोटावर लाल रबरी टोपी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि तोंड बंद. कचेरीत तिला 'काटा' म्हणत. वजनकाट्यावरचा काटा. हे तिला माहीत होतं, मनातून आवडतही होतं, पण तसं ती कबूल करायची नाही.

मी तिच्या मोठ्या बहिणीचा मुलगा. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवतो. हा झाला पोटाचा उद्योग. खरा जीव सिनेमात. सिनेमा हा शब्दही जरा मोठाच झाला. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन हिंडायचं आणि घरच्यांना "नेहमीसारखं वागा, माझ्याकडे बघू नका" असं सांगून छळायचं, एवढंच. एक जुनी, हातोड्याएवढी जड झूम लेन्स, दोन ट्रायपॉड, त्यातल्या एकाचा पाय चिकटवलेला, आणि एक केसाळ टोपीतला माइक. बायको म्हणते, "आल्यागेल्याला बसायला घरात धड खुर्ची नाही, पण कॅमेऱ्याला उभं राहायला दोन जागा आहेत." तिचं खोटं नाही.

मावशीने मात्र माझं हे वेड कधी हसण्यावारी नेलं नाही. लग्न तिने केलं नाही. आई गेल्यावर माझं कौतुक करणारं माणूस म्हणजे तीच. मी केलेली प्रत्येक फिल्म ती दोनदा बघायची. पहिल्यांदा काय आहे ते बघायला आणि दुसऱ्यांदा, तिच्या म्हणण्याप्रमाणे, चुका मोजायला.

तिच्या आयुष्यात टपालाखेरीज अभिमानाची एकच गोष्ट होती, मतमोजणी. निवडणूक आली की सरकार वेगवेगळ्या कचेऱ्यांतून मोजणीला माणसं मागवतं. मावशीचं नाव त्या यादीत सव्वीस वर्षं होतं. बाकीचे लोक हे काम टाळायला आजारपणाचे दाखले आणायचे. मावशी आदल्या दिवशी कपड्यांना इस्त्री करायची. स्वतःचं मत कोणाला दिलं हे तिने सख्ख्या बहिणीलाही कधी सांगितलं नाही. म्हणायची, "मत म्हणजे बंद पाकीट. पत्ता बघायचा, खणात टाकायचं. आत काय लिहिलंय त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?" मी सांगतोय त्या निवडणुकीच्या नंतरच्या निवडणुकीत ती टेबलप्रमुख होणार होती, आणि त्यानंतर वर्षभरात निवृत्त. टेबलप्रमुख होऊन घरी बसायचं, एवढी एकच इच्छा मी तिच्या तोंडून कधी ऐकली होती.

त्या वर्षी देशात मतदानाची पद्धत बदलली होती. पूर्वी एका नावापुढे खूण केली की झालं. आता नावांपुढे आकडे लिहायचे. सगळ्यात आवडता तो एक, त्याच्या खालोखाल दोन, मग तीन. ही पद्धत आणायची की नाही याचाही कौल घेतला होता. त्यात मी 'हो' म्हणालो होतो, कारण रांगेत माझ्या पुढचा माणूस फार ठामपणे 'हो' म्हणत होता. पद्धत काय ते मला मावशीनेच शिकवलं. माझ्या दुकानातल्या तीन रिकाम्या चष्म्याच्या डब्या तिने टेबलावर मांडल्या आणि त्यांत चिठ्ठ्या टाकल्या.

"कोणालाच निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत, तर सगळ्यात मागे असलेला बाद," ती म्हणाली आणि तिने एक डबी रिकामी केली. "पण त्याला मत देणाऱ्यांनी काय गुन्हा केला? म्हणून त्यांच्या चिठ्ठीवर दोन आकडा कोणासमोर आहे ते बघायचं आणि चिठ्ठी त्याच्या डबीत. आधी भोंग्यावरून घोषणा होते, सगळ्या पक्षांची माणसं मान डोलावतात आणि मगच आम्ही हात लावतो. कळलं?"

मला कळलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मला काहीही न कळल्यासारखा मी वागलो.

आमच्या गावात हौशी फिल्मवाल्यांचा एक क्लब आहे. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांनी स्पर्धा जाहीर केली: तीन मिनिटांची फिल्म, आणि तिच्यात एकही बोललेला शब्द नको. माझ्या डोळ्यांसमोर मावशीचे हात आले. मोजणी बघायला सभागृहाच्या सज्जात लोकांना बसू देतात. मतपत्रिकेवरचं काही वाचता येणार नाही इतक्या लांबून चित्रीकरणही करू देतात, पण त्यासाठी पास लागतो. मावशीने मोजणीच्या साहेबांकडे रदबदली केली. सव्वीस वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे पास लगेच मिळाला. सज्जात ट्रायपॉड चालत नाही म्हणून तिने मला जुन्या टपालाच्या गोणपाटाची पिशवीही शिवून दिली. तिच्यात वाळू भरली, कठड्यावर ठेवली आणि वर लेन्स. तसूभरही हालली नाही.

चाळीस मिनिटं मी चित्रीकरण केलं. पहिल्या फेरीत कोणी निम्म्याच्या वर गेलं नाही. भोंग्यावरून घोषणा झाली, पक्षांच्या माणसांनी माना डोलावल्या आणि मावशीने बाद झालेल्या उमेदवाराच्या पिवळ्या ट्रेमधल्या पत्रिका एकेक करून उचलायला सुरुवात केली. उचलायची, बघायची, ठेवायची. बऱ्याचशा निळ्या ट्रेमध्ये जात होत्या. खिडकीतला उजेड बोटांवर पडला होता. मी लेन्स शक्य तेवढी जवळ आणली. ट्रेवरच्या नावाच्या पट्ट्या चौकटीत वेड्यावाकड्या दिसत होत्या, म्हणून त्या बाहेर ठेवल्या. संध्याकाळी निकाल लागला. पहिल्या फेरीत पुढे असलेला उमेदवार हरला आणि निळ्या ट्रेवाला जिंकला.

घरी येऊन मी फिल्म कापली. शब्द चालणार नव्हते, त्यामुळे घोषणा गेली. माना डोलावणारी माणसं चित्राच्या दृष्टीने कंटाळवाणी होती, तीही गेली. उरले फक्त हात आणि पिवळ्यातून निळ्यात जाणारे कागद. खाली हलकं संगीत टाकलं. पहिला नंबर आला.

बक्षीस समारंभाला मावशी आली होती. नंतर मला म्हणाली, "हात माझे जरा म्हातारे दिसतात रे." आणि मग, "घोषणा कुठे गेली पण?"

"शब्द चालत नव्हते ना मावशी."

"निदान सुरुवातीला पाटी तरी लाव. नवीन माणसाला वाटेल मी इकडचं तिकडे करतेय."

"पाटी लावली की मजा जाते. बघणाऱ्यानेच ओळखायचं असतं," मी मोठ्या ऐटीत म्हणालो. हे वाक्य मी क्लबात कोणाकडून तरी ऐकलं होतं.

"मग ठीक. तुला त्यातलं जास्त कळतं," ती म्हणाली.

फिल्म क्लबाने आपल्या नावाने इंटरनेटवर टाकली. चौथ्या दिवशी कोणीतरी तिच्यातले अकरा सेकंद कापून घेतले आणि वर लिहिलं, 'बघा, मतं अशी चोरतात.' दोन दिवसांत तो तुकडा लाखो लोकांनी पाहिला. हरलेल्या पक्षाने तो भर सभेत मोठ्या पडद्यावर दाखवला. आता जे सांगणार आहे ते सांगताना आजही कानशिलं तापतात. पहिले दोन दिवस मला आनंद झाला होता. माझं चित्र, माझा उजेड, माझी चौकट एवढ्या लोकांनी पाहिली. दुकानात भिंग घासता घासता मी दर दहा मिनिटांनी आकडा बघत होतो. खाली लोक काय लिहितायत ते वाचलं तेव्हा मी फोन उलटा ठेवला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सरळ केला.

चेहरा दिसत नव्हता, म्हणून मी स्वतःची समजूत घातली की मावशी कोणाला ओळखू येणार नाही. पण ती लाल रबरी टोपी अख्ख्या टपाल कचेरीला ठाऊक होती, आणि तिथून नाव बाहेर फुटलं. आठवड्याच्या आत लोक खिडकीशी येऊन "काटा म्हणतात ती बाई कोण ते दाखवा" म्हणू लागले. एका बाईंनी रजिस्टर पाकीट परत मागून घेतलं, यांच्या हातात नको म्हणून. मावशीने टोपी काढून खणात ठेवली आणि बोटाला थुंकी न लावता, हळूहळू पत्रं लावू लागली. तिला चौकशीची नोटीस आली. मोजणीच्या यादीत नाव ठेवायचं की नाही, हे त्या चौकशीत ठरणार होतं.

या सगळ्यात ती मला एका शब्दाने बोलली नाही. मीही मूग गिळून बसलो. तिच्या घरी जायचं टाळू लागलो. दुकानात काम फार आहे असं सांगायचो, आणि ती "हो रे, तब्येत सांभाळ" म्हणायची.

शेवटी बायकोने तोंड उघडलं. "सगळं मूळ चित्रीकरण तुमच्याकडे आहे ना? घोषणेसकट? मग कशाची वाट बघताय?" खरं तर मी कशाचीच वाट बघत नव्हतो. मूळ चित्रीकरण दाखवलं की मी काय काय कापलं तेही दिसणार होतं, आणि मला तेच नको होतं. पण बायकोसमोर लाज राखायला मी चौकशीच्या दिवशी कॅमेरा आणि मेमरी कार्ड घेऊन निघालो. वाटेत छाती जरा फुगलीही. आपण जाऊ, लावू, आणि एका फटक्यात मावशी सुटेल.

खोली लहान होती. एक लांब टेबल, भिंतीवर पडदा, चौकशी अधिकारी आणि समोर मावशी, इस्त्री केलेल्या कपड्यांत. मला बघून ती उभी राहिली आणि तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी अधिकाऱ्यांना सांगितलं की फिल्म माझी आहे आणि संपूर्ण चित्रीकरण मी आणलंय. त्यांनी कार्ड लावायला सांगितलं.

पडद्यावर क्लबाचा हॉल आला. खुर्च्या, डोकी, टाळ्या. मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. समारंभाला जाताना रिकामं कार्ड सापडलं नाही, म्हणून मी हेच पुसलं होतं, आणि संगणकावरचंही आधीच काढून टाकलं होतं. फिल्म तयार झाली होती, आता कच्चा माल कशाला, असा विचार करून. माझी फिल्म बघताना लोकांचे चेहरे कसे होतात ते मला टिपायचं होतं. कॅमेरा स्टेजच्या कडेला, तोंड प्रेक्षकांकडे.

तिसऱ्या रांगेत मावशी बसली होती. पडद्यावरच्या उजेडाने तिचा चेहरा उजळला होता. ती शेजारच्या बाईंना सांगत होती, आणि माझ्या चांगल्या माइकमुळे शब्दन् शब्द ऐकू येत होता. "हे माझे हात. याच्याआधी घोषणा होते, सगळे हो म्हणतात, मग दुसऱ्या पसंतीची मतं वाटतात. ते यात दिसत नाही. पण किती छान केलंय बघा. माझा भाचा आहे."

मी घाईघाईने बंद केलं.

"याला पुरावा म्हणता येणार नाही," अधिकारी शेवटी म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "मोजणी बरोबर होती, याबद्दल शंकाच नाही. फेरमोजणीत एक मत इकडचं तिकडे झालेलं नाही. प्रश्न लोकांच्या मनाचा आहे. तो तुकडा सगळ्यांनी पाहिलाय. पण," ते माझ्याकडे वळले, "तुम्ही तुमच्या नावानिशी लिहून दिलंत की घोषणा तुम्ही कापली, यांनी पद्धतीप्रमाणेच केलं आणि ती पद्धत तुम्हाला माहीत होती, तर मी ते अहवालात घालीन. अहवाल जाहीर होतो. मग यांचं नाव यादीत ठेवायला मला आधार मिळेल."

त्यांनी कागद आणि पेन पुढे सरकवलं. मी पेन हातात घेतलं. मला दुकान दिसलं, गिऱ्हाइकं दिसली, क्लबातली डॉक्टरांच्या शेजारची माझी खुर्ची दिसली. माझ्या नावाखाली लोक काय काय लिहितील तेही दिसलं. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

मावशी सव्वीस वर्षं माणसांचे हात बघत आली होती. तिने माझा हात बघितला.

"साहेब," ती म्हणाली, "याचं नाव नका घालू. याचं दुकानाचं काम आहे, रोज शंभर माणसांशी संबंध येतो. माझं काय, दीड वर्ष राहिलंय. नाव काढा यादीतून. मोजणारे पुष्कळ आहेत."

"तुम्हाला नक्की चालेल?" अधिकाऱ्यांनी तिला विचारलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते थांबले. मी काहीतरी बोलेन म्हणून ते थांबले होते हे मला कळत होतं, मावशीलाही कळत होतं.

मी पेन टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उचललं आणि 'एका अज्ञात हौशी व्यक्तीने केलेल्या चित्रीकरणामुळे' असं लिहिलं. मी समोर बसून ते उलटं वाचलं, आणि मला हायसं वाटलं.