"केस कावून गळतेत?"

दिल्लीत सार्वजनिक आरोग्य शिकून मी चौसाळ्याला परत आले, ती गाव बदलायला. ते राहिलं बाजूला, किस्से मात्र जमले. विंचरताना हातात येणाऱ्या केसांसारखे. आज दोन, उद्या चार, आणि एक दिवस बघावं तर मूठभर!

दर मंगळवारी दुपारी बचत गटाच्या बायका आमच्या ओसरीवर जमतात. मी माझ्या मोबाइलवर एआय चॅटबॉट उघडते. त्या बोलून विचारतात, तो बोलून उत्तर देतो. आवाज बाईचा आहे, म्हणून नाव पडलं 'मोबाइलमधली बाई'.

मला वाटलं होतं, पहिला प्रश्न मंगलच्या ऑपरेशनचा येईल. मंगल तिशीतली, दोन लेकरांची आई. पाळीत अंगावरून फार जायचं, म्हणून एका खाजगी डॉक्टरांनी गर्भपिशवी काढायला सांगितलेली. ऊसतोडीला निघायच्या आत उरकायचं, हे तिच्या सासूनं, गयाबाईनं ठरवलेलं. "माझी काढली, मेले का मी?" यापुढं गयाबाईकडं चर्चा नसते.

"मंगल, विचार की!" मी म्हटलं.

मंगलनं सासूकडं बघितलं, पदर सारखा केला आणि मोबाइल तोंडाजवळ धरला.

"केस कावून गळतेत?"

*

मोबाइलमधल्या बाईनं मन लावून उत्तर दिलं. ताण घेऊ नका. रोज पुरेशी शांत झोप घ्या. डोक्यावर वजन वाहू नका. आहारात पालेभाज्या, अंडी, सुकामेवा ठेवा.

उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहून टाळू विरळ झालेल्या बायका शांतपणे ऐकत होत्या.

गयाबाई म्हणाली, "हिला सासू न्हाई वाटतं!"

*

पुढच्या मंगळवारी बाईनंच उलट विचारलं, "साधारण किती केस गळतात?"

गयाबाई उठून घरी गेली आणि कॅरीबॅग घेऊन आली. आमच्याकडं गळलेले केस कुणी फेकत नाही. भिंतीच्या फटीत, पिशवीत साठवतात. केसांवर भांडी देणारी आली की वजन होतं आणि वाटी, पातेलं जे बसेल ते मिळतं.

"ह्ये बघ. दाखव तिला!"

मी फोटो काढून पाठवला. बाईनं गळती थांबवायचे उपाय सांगायला सुरुवात केली. गयाबाईनं मधेच अडवलं.

"ए बाई, थांब! समदेच थांबवू नको. औंदा मला परात घ्यायचीय."

*

सारिका बारावी झालेली. तिला बीडला क्लास लावून पोलीस भरती करायची होती आणि घरच्यांना तिचं लग्न. पाहुणे बघायला आले की त्यातल्या म्हाताऱ्या वेणी सोडायला लावतात. केस खरे आहेत की गंगावन लावलंय, ते हात घालून बघतात!

तिनं मोबाइल घेतला, कोपऱ्यात गेली आणि हळूच विचारलं, "रविवारपर्यंत केस गळायला काय करावं?"

बाईनं काळजीच्या सुरात सांगितलं, "घरातल्या मोठ्या माणसांशी मोकळेपणानं बोला."

सारिका म्हणाली, "ताई, हिला आमच्या घरचा पत्ता सांगा. म्हणावं, तूच ये बोलायला!"

*

आता माझा गाढवपणा. केसांवरून निघालेल्या गप्पा वय, पाळी, पिशवीपर्यंत जायच्या आणि सगळ्यांचं सगळं मी एकाच चॅटमध्ये बोलू देत होते. मोबाइलमधल्या बाईला वाटत होतं, विचारणारी एकच आहे!

एका मंगळवारी ती म्हणाली, "आतापर्यंत तुम्ही सांगितलेलं मी एकत्र मांडते. तुमचं वय साठच्या पुढं आहे. रविवारी तुम्हाला पाहुणे बघायला येणार आहेत. तुम्हाला दोन लहान मुलं आहेत. तुम्ही डोक्यावर ऊस वाहता. पाळीत रक्तस्राव जास्त होतो. तुमची गर्भपिशवी पूर्वी काढलेली आहे आणि आता पुन्हा काढायची आहे."



"अगं आई!" गयाबाईनं कपाळाला हात लावला. "कोण म्हणायची ही? जित्ती कशी हाय अजून?"

सारिका हसून हसून आडवी झाली. तेवढ्यात बाई पुढं बोलली, "ऑपरेशनआधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. एकट्या जाऊ नका."

मंगल हसत नव्हती. ती म्हणाली, "आत्याबाई, जाऊ का एकदा?"

गयाबाईनं पदर खोचला. "केसाचं दाखवून येऊ. पिशवीचं ठरलेलं हाय."

*

बीडच्या एसटीत सारिका धरून आम्ही चौघी बसलो. दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काय होतंय?"

"केस गळतेत," गयाबाई म्हणाली.

मॅडमनी मंगलच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली आणि बाकीचं सगळं तिला एकटीला आत घेऊन विचारलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. दुपारी आम्हाला बोलावलं.

"पिशवी अगदी चांगली आहे. काढायची काही गरज नाही. अंगात रक्त कमी आहे, केस त्यानंच गळतात. अंगावरून जास्त जातंय, त्याला औषध आहे."

"पर त्या डॉक्टरनं तर काढाच म्हणून सांगितलंय," गयाबाई म्हणाली.

"सांगू द्या. मी सांगते, काढायची नाही."

परत येताना मंगल खिडकीशी बसली होती, गोळ्यांची पुडी मांडीवर घट्ट धरून. सारिका काहीतरी बडबडत होती आणि मंगल हसत होती. गयाबाई माझ्या शेजारी होती. चौसाळा जवळ आलं तसा तिनं माझा हात धरला.

"पोरी, तुझ्या त्या बाईला एक इचारती का?"

मी मोबाइल काढला. "विचारा, केसांचं ना?"

"न्हाई गं. माझी काढली तवा मी मंगलएवढीच व्हते. तिला इचार, माझी बी चांगलीच व्हती का?"